मुंबई हायवरील पहिली सुरक्षा-तपासणी: नव्या तपासनिसासाठी मार्गदर्शन

तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाला या क्षेत्रातील सर्वजण ओआयएसडी म्हणतात. त्याच्या तपासणी पथकातून मुंबई हायसारख्या समुद्रातील तेलक्षेत्रावर पहिल्यांदा जाणाऱ्या अभियंत्यासाठी हा लेख लिहिला आहे. ऑपरेटर कंपनीच्या, म्हणजे तेलक्षेत्र चालवणाऱ्या कंपनीच्या, सुरक्षा विभागात नुकतेच रुजू झालेल्यांनाही तो उपयोगी पडेल, कारण तपासनीस काय शोधतो हे एकदा कळले की आपल्या प्लॅटफॉर्मकडे, म्हणजे समुद्रात उभ्या असलेल्या तेल-वायू केंद्राकडे, त्याच नजरेने पाहता येते.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केलेला बरा. प्लॅटफॉर्म सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तपासनिसाची नसते. ती ऑपरेटर कंपनीची असते आणि तिचीच राहिली पाहिजे. तपासनीस दोन-तीन दिवसांसाठी येतो. हजारो व्हॉल्व्ह, किलोमीटरच्या किलोमीटर पाइप आणि शंभरावर माणसे असलेल्या प्रोसेस कॉम्प्लेक्सवर तेवढ्या वेळात सर्व काही पाहून होणे शक्यच नाही. त्याने पाहायचे असते ते हे, की उरलेले 362 दिवस प्लॅटफॉर्म ज्या व्यवस्थेच्या भरवशावर चालतो ती व्यवस्था खरोखर चालते, की केवळ फायलीत चालते. पुढील सर्व पायऱ्या या एका प्रश्नाभोवतीच फिरतात.

पहिली पायरी: आपला अधिकार कोठून येतो आणि कोठे संपतो ते समजून घ्या

ओआयएसडीची स्थापना 1986 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत झाली. सुरुवातीची अनेक वर्षे तिचे मुख्य काम म्हणजे मानके तयार करणे आणि तेल कंपन्यांच्या आस्थापनांची तपासणी करून शिफारशी देणे. समुद्रातील कामांच्या बाबतीत तिला कायद्याचे बळ मिळाले ते 2008 मध्ये. तेलक्षेत्रे (नियमन व विकास) अधिनियम, 1948 या कायद्याखाली त्या वर्षी जूनमध्ये समुद्रातील पेट्रोलियम कामांच्या सुरक्षेविषयीचे नियम अधिसूचित झाले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी ओआयएसडीला सक्षम प्राधिकरण नेमण्यात आले. तेव्हापासून स्थिर प्लॅटफॉर्म असो वा एका विहिरीवरून दुसरीकडे जाणारी, विहिरी खोदणारी रिग असो, काम सुरू करण्यापूर्वी ऑपरेटरला या प्राधिकरणाची संमती घ्यावी लागते. आपण तपासणीला जातो ते या नियमांच्या आधारे. त्यामुळे नियमांची प्रत बॅगेत ठेवणे पुरेसे नाही. ती किमान दोनदा सलग वाचून काढावी.

अधिकाराच्या सीमा मात्र नव्या माणसाला गोंधळात टाकतात. जमिनीवरील तेलखाणी खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या कक्षेत येतात. आपल्याला जुहूहून प्लॅटफॉर्मवर घेऊन जाणारे हेलिकॉप्टर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनी उडते. प्लॅटफॉर्मला सामान पोहोचवणारी सप्लाय बोट हे जहाज असते आणि जहाजे नौवहन महासंचालनालय पाहते. तेल समुद्रात सांडले तर प्रतिसादाचा समन्वय तटरक्षक दल करते. कागदावर ही वाटणी स्वच्छ दिसते, समुद्रावर ती तशी राहत नाही. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबई हाय परिसरात पी-305 हे निवासी बार्ज बुडाले आणि त्यावरील 261 जणांपैकी 70 हून अधिक माणसे दगावली. बार्ज हे जलयान असले तरी त्यावर राहणारी माणसे तेलक्षेत्रातील कामासाठीच तेथे होती. वादळाचा इशारा आल्यावर बार्जने जागा केव्हा सोडायची आणि तो निर्णय कोणी घ्यायचा, हा प्रश्न जहाजाच्या प्रमाणपत्रांत मावणारा नाही. म्हणून माझा सल्ला असा, की प्लॅटफॉर्मच्या सभोवतालच्या 500 मीटरच्या सुरक्षा क्षेत्रात जे जे येते त्याच्याबद्दल प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. उत्तर दुसऱ्या खात्याने द्यायचे असेल तर तसे नोंदवावे, पण प्रश्न विचारायचा राहू देऊ नये.

दुसरी पायरी: निघण्यापूर्वी 27 जुलै 2005 चा दिवस समजून घ्या

2008 चे नियम ज्या पार्श्वभूमीवर आले ती ठाऊक नसेल तर त्यांतील अर्धी वाक्ये कोरडी वाटतात. 26 जुलै 2005 रोजी मुंबई पाण्याखाली गेली, हे महाराष्ट्रात कोणालाही सांगावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी मुंबई हाय नॉर्थ या प्लॅटफॉर्मला आग लागली, ही गोष्ट मात्र त्या पुराच्या आठवणींत बऱ्याच जणांच्या स्मरणातून निसटली आहे. दोन्ही घटनांचा संबंध थेट आहे.

त्या दिवशी 'समुद्र सुरक्षा' या बहुउद्देशीय जहाजावरील स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टरे उडत नव्हती, म्हणून त्याला क्रेनच्या बास्केटमधून प्लॅटफॉर्मवर चढवायचे ठरले. त्यासाठी जहाज वाऱ्याच्या बाजूने प्लॅटफॉर्मजवळ गेले. उसळत्या समुद्रात ते पुढे रेटले गेले आणि त्याचा धक्का राइझरला बसला. राइझर म्हणजे समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर चढणारी, दाबाखालील तेल किंवा वायू वाहणारी उभी पाइप. फुटलेल्या राइझरमधून बाहेर पडलेल्या वायूने पेट घेतला, शेजारचे राइझर एकापाठोपाठ एक फुटत गेले आणि सुमारे दोन तासांत संपूर्ण प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. परिसरातील सर्व आस्थापनांवर मिळून 384 माणसे होती. त्यांपैकी 362 वाचली, 22 गेली. कॉम्प्लेक्सवरील 8 लाइफबोटींपैकी फक्त 2 आणि 10 तराफ्यांपैकी फक्त 1 पाण्यात उतरवता आला.

या घटनेकडे 'जहाज आदळले आणि आग लागली' एवढेच म्हणून पाहू नये. तपासनिसाच्या दृष्टीने त्यात किमान सहा प्रश्न दडलेले आहेत. जहाजे जेथे येऊन लागतात त्याच बाजूला राइझर का होते? लहान बोटींच्या धक्क्यासाठी केलेले संरक्षण एवढ्या मोठ्या जहाजासमोर कसे टिकणार, याचा हिशोब कोणी केला होता का? त्या हवामानात जहाजाला जवळ येऊ द्यायचे की नाही हे कोणी ठरवायचे होते? राइझरमधील वायू समुद्रतळाशीच अडवण्याची सोय होती का? शेजारच्या राइझरना आगीपासून आडोसा होता का? आणि ज्या बाजूला आग आहे त्याच बाजूला लाइफबोटी असतील तर माणसांनी जायचे कोठे? आजही कोणत्याही प्लॅटफॉर्मवर हे सहा प्रश्न घेऊन गेलात तर निम्मी तपासणी झाली असे समजा.

तिसरी पायरी: कागदपत्रे योग्य क्रमाने वाचा

कंपनीकडून येणारा गठ्ठा मोठा असतो. संमतीसाठी दिलेली माहिती, जोखीम मूल्यांकन, पाइपिंग व उपकरणांचे आराखडे, आपत्कालीन प्रतिसाद योजना, प्रमाणपत्रे, अंतर्गत तपासणीचे अहवाल असे सर्व त्यात असते. नवी माणसे ते वरून खाली वाचत जातात आणि आराखड्यांपर्यंत पोहोचेतो थकून जातात.

मी तीन गोष्टी आधी वाचत असे. पहिली, मागील तपासणीतील प्रलंबित शिफारशींची यादी. एखादी शिफारस तिसऱ्यांदा 'साहित्य मागवले आहे' या शेऱ्यासह पुढे ढकललेली दिसली तर त्या विषयातच काहीतरी दुखते आहे असे समजावे. दुसरी, बायपासची नोंदवही. वायू वा आग ओळखणारा एखादा डिटेक्टर किंवा आपोआप बंद होणारी एखादी यंत्रणा तात्पुरती निष्क्रिय केली की तिची नोंद येथे व्हावी लागते. कोणी परवानगी दिली, केव्हापर्यंत आणि तोवर पर्यायी काय व्यवस्था आहे, हे तीन रकाने भरलेले आहेत का ते पाहावे. 'तात्पुरती' या शब्दापुढील तारीख आठ महिन्यांपूर्वीची असेल तर ती यंत्रणा बायपास नसून बंद पडलेली आहे. तिसरी गोष्ट म्हणजे बदलांच्या व्यवस्थापनाची नोंद. मूळ आराखड्यात नसलेली पाइप, वाढवलेला दाब, नवे निवासी कंटेनर, असे बदल जोखीम मूल्यांकनात उतरले आहेत का, हे ताडून पाहावे. मुंबई हायमधील अनेक प्लॅटफॉर्म काही दशके जुने आहेत आणि त्यांच्यावर इतके फेरफार झालेले असतात की प्रत्यक्ष लोखंड आणि आराखडा यांची गाठ पडणेच अवघड होऊन बसते.

बाकीचे कागद चाळले तरी चालतात. प्रमाणपत्रांच्या तारखा जुळवण्यात दिवस घालवू नये; ते काम पथकातील एकाने संध्याकाळी बसून करावे.

चौथी पायरी: प्रवासाची तयारी

हा भाग थोडक्यात. वैद्यकीय तपासणी आणि समुद्रात जीव वाचवण्याचे प्रशिक्षण यांची प्रमाणपत्रे चालू असल्याशिवाय हेलिकॉप्टरमध्ये बसू देत नाहीत. या प्रशिक्षणात हेलिकॉप्टरचा सांगाडा पाण्यात उलटा करून त्यातून बाहेर पडण्याचा सरावही असतो. ओएनजीसीची या विषयाला वाहिलेली संस्था गोव्यात बेतूल येथे आहे. सराव कंटाळवाणा वाटला तरी मन लावून करावा. 2003 मध्ये मुंबई हायकडे निघालेल्या हेलिकॉप्टरच्या अपघातात 27 जण मृत्युमुखी पडले आणि जून 2022 मध्येही समुद्रात उतरावे लागलेल्या हेलिकॉप्टरमधील 9 पैकी 4 जण गेले. तेलक्षेत्रातील माणसासाठी जाण्या-येण्याचा प्रवास हाही कामावरील धोक्याचाच भाग आहे आणि तपासणीत त्याचा विचार व्हायला हवा.

पावसाळ्यात तपासणी ठेवू नये असे सर्वजण सांगतील. जमल्यास एक तरी तपासणी पावसाळ्यातच करावी, असे माझे मत आहे. जानेवारीच्या तळ्यासारख्या समुद्रावर प्रत्येक आपत्कालीन योजना उत्तम दिसते.

पाचवी पायरी: एका परमिटचा माग काढा

पोहोचल्यावर सुरक्षा सूचना, लाइफबोटीचा क्रमांक, मस्टरची म्हणजे आणीबाणीत जमण्याची जागा आणि प्लॅटफॉर्मप्रमुखांबरोबर सुरुवातीची बैठक, हे ठरलेले असते. बैठकीत सादरीकरण लांबते. ते नम्रपणे थांबवावे आणि त्या दिवशी चालू असलेल्या वर्क परमिटांची यादी मागावी. वर्क परमिट म्हणजे एखादे काम कोणत्या अटींवर, कोणत्या वेळेत आणि कोणाच्या देखरेखीखाली करायचे याची लेखी परवानगी. तिचे मानक ओआयएसडी-105 हे आहे. यादीतून एकच परमिट निवडावे, शक्यतो हॉट वर्कचे, म्हणजे ज्यात ठिणगी वा ज्वाला निर्माण होणार आहे असे, आणि मग सकाळभर दुसरे काहीही करू नये.

उदाहरण घेऊ. पाइपला आधार देणाऱ्या गंजलेल्या ब्रॅकेटच्या जागी नवा ब्रॅकेट वेल्ड करायचा आहे. परमिटवर सकाळी आठची वेळ, सही, गॅस टेस्टचे वाचन शून्य आणि शेजारची लाइन वेगळी केल्याची नोंद आहे. येथवर सर्व ठीक दिसते. आता प्रत्यक्ष जागेवर जावे. परमिटची प्रत कामाच्या ठिकाणी लावलेली आहे का? वेल्डर कामाला लागला तेव्हा साडेदहा वाजले असतील तर आठच्या गॅस टेस्टचा उपयोग काय? टेस्ट पुन्हा केली का आणि कोठे केली? मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो, पण कंडेन्सेटची, म्हणजे वायूबरोबर येणाऱ्या हलक्या द्रव तेलाची, वाफ जड असते आणि डेकच्या खोलगट भागात, ड्रेनजवळ साठून राहते. छातीच्या उंचीवर मीटर धरून घेतलेले एकच वाचन पुरेसे मानू नये. हवेत मिथेनचे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास पोहोचले की मिश्रण पेट घेऊ शकते, त्यामुळे मीटर नीट चालतो की नाही हा मुद्दा गौण नाही. मीटर हातात मागून त्यावरील कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासून जुळवल्याची, तारीख पाहावी आणि ज्याने टेस्ट केली त्यालाच पुन्हा करून दाखवण्यास सांगावे.

नंतर आयसोलेशन, म्हणजे कामाची जागा दाबाखालील लाइनपासून कशी वेगळी केली आहे, ते पाहावे. परमिटवर ज्या व्हॉल्व्हचा क्रमांक आहे त्याच व्हॉल्व्हवर टॅग आहे का? कुलूप आहे का, आणि किल्ली कोणाकडे आहे? केवळ व्हॉल्व्ह बंद करून काम चालवले आहे की मध्ये ब्लाइंड, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी पोलादी चकती, टाकला आहे? वेल्डिंगची ठिणगी खालच्या डेकवर जेथे पडेल तेथे जाऊन पाहावे. वर अग्निरोधक कापड टाकून खाली नमुना घेण्याचा पॉइंट उघडा ठेवलेला मी पाहिला आहे. फायर वॉच म्हणून, म्हणजे आगीवर नजर ठेवण्यासाठी, उभ्या असलेल्या माणसाला विचारावे, की आग दिसली तर तो पहिली गोष्ट कोणती करील. या प्रश्नाचे उत्तर पाठ केलेले आहे की उमगलेले आहे, हे चेहऱ्यावरून कळते.

शेवटी नियंत्रण कक्षात परतावे आणि रात्रपाळीला हे काम कसे सांगितले जाणार ते विचारावे. या प्रश्नामागे 167 जणांच्या मृत्यूचा इतिहास आहे. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मवर कंडेन्सेटच्या एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि त्या जागी तात्पुरते झाकण बसवले होते. पंपाच्या देखभालीचे आणि सेफ्टी व्हॉल्व्हचे अशी दोन वेगवेगळी परमिटे होती. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा पाळीवरील माणसांना पहिल्याचे एक परमिट दिसले, सेफ्टी व्हॉल्व्हचे दिसले नाही. त्यांनी पंप सुरू केला, तात्पुरत्या झाकणाच्या जागेतून कंडेन्सेट बाहेर पडले आणि स्फोट झाला. कोणी आडमुठेपणा केला नव्हता. जी माहिती हाती होती तिच्या आधारे ते वागायला हवे तसेच वागले. म्हणून दोन परमिटे एकाच उपकरणाशी संबंधित असतील तर ती एकमेकांना जोडलेली आहेत का, हे तपासल्याशिवाय पाचवी पायरी पूर्ण झाली असे मानू नये.

सहावी पायरी: जे चालायला हवे ते चालवून पाहा

फायर पंप, डेल्यूज म्हणजे पाण्याचा वर्षाव करणारी यंत्रणा, आपत्कालीन शटडाऊन व्हॉल्व्ह आणि लाइफबोटी ही चार साधने चाचणीच्या नोंदींवरून तपासू नयेत. शक्य तेवढी समोर चालवून घ्यावीत.

एकदा एका प्लॅटफॉर्मवर आम्ही फायर पंपाची चाचणी मागितली. नोंदवहीत दर आठवड्याची चाचणी व्यवस्थित लिहिलेली होती. आम्ही पंप हाताने सुरू न करता फायर वॉटर लाइनमधील दाब कमी करण्यास सांगितले, कारण खऱ्या आगीत पंपाने दाब कमी झाल्याबरोबर आपोआप सुरू व्हायचे असते. दाब घसरला, काटा खाली आला आणि पंप शांत. डिझेल इंजिनाच्या पॅनेलवरील स्विच 'मॅन्युअल'वर होता. काही दिवसांपूर्वी पाण्याखाली डायव्हर काम करत होते. पंप अचानक सुरू होऊन कोणी त्याच्या तोंडाशी ओढले जाऊ नये म्हणून तो मॅन्युअलवर केला होता. कारण अगदी योग्य होते. काम संपल्यावर तो परत 'ऑटो'वर कोणी करायचा, हे मात्र कोठेही लिहिलेले नव्हते. पायपर अल्फावरही त्या रात्री डायव्हरांच्याच कारणासाठी फायर पंप मॅन्युअलवर होते. दर आठवड्याची चाचणी करणारा माणूस खोटे लिहीत नव्हता. तो बटण दाबून पंप सुरू करत होता आणि पंप सुरू होत होता.

शटडाऊन व्हॉल्व्ह किती सेकंदांत बंद व्हायला हवा, हे जोखीम मूल्यांकनात गृहीत धरलेले असते. तो प्रत्यक्षात किती सेकंदांत बंद होतो आणि बंद झाल्यावर किती गळतो, या दोन्ही आकड्यांची मागील काही वर्षांची नोंद शेजारी शेजारी ठेवावी. आकडे हळूहळू वाढत असतील तर मर्यादेत असले तरी ते लिहून ठेवावेत.

लाइफबोटीच्या बाबतीत बोटीपेक्षा माणसांकडे लक्ष द्यावे. मस्टर बोर्डावरील टी-कार्डांची, म्हणजे प्रत्येकाच्या नावाच्या कार्डांची, संख्या आणि त्या क्षणी प्लॅटफॉर्मवर असलेल्या माणसांची संख्या जुळते का, हे अचानक विचारावे. बोट चालवण्यासाठी नेमलेल्या माणसाला आत बसवून इंजिन सुरू करायला लावावे. तो रजेवर असेल तर त्याच्या बदलीच्या माणसाला सांगावे, खरी परीक्षा तेथेच होते. आणखी एक गोष्ट नवे तपासनीस विसरतात. प्लॅटफॉर्मवरील मोठा वर्ग कंत्राटी कामगारांचा असतो. त्यात कोकणातील फिटर असतो, बंगालमधील रंगारी असतो, आंध्रातील रिगर असतो आणि केटरिंगची मुले कोठकोठची असतात. सुरक्षा सूचनेचा व्हिडिओ हिंदी किंवा इंग्रजीत संपतो, सर्वजण सही करतात आणि कामाला लागतात. भांडी घासणाऱ्या मुलाशी गप्पा मारत मारत त्याची लाइफबोट कोणती आणि तिकडे जाण्याचा दुसरा रस्ता कोणता, हे विचारावे. 2005 मध्ये पहिला रस्ता आगीत होता. या मुलाला दुसरा रस्ता माहीत नसेल तर दोष त्याला देऊ नये आणि अहवालात त्याचे नावही लिहू नये, नाहीतर पुढच्या तपासणीत कोणी तोंड उघडणार नाही.

सातवी पायरी: निरीक्षण असे लिहा की ते टाळता येणार नाही

परतण्यापूर्वी समारोपाची बैठक होते. तिच्यात सर्व निरीक्षणे तोंडी सांगून टाकावीत. अहवालात एकही अनपेक्षित मुद्दा असू नये. गंभीर बाब असेल तर बैठकीची वाटही पाहू नये, तेथल्या तेथे प्लॅटफॉर्मप्रमुखांना सांगून काम थांबवायला लावावे.

लिहिताना नव्या माणसाची चूक ठरलेली असते. तो लिहितो, 'अग्निशमन व्यवस्था समाधानकारक आढळली नाही.' या वाक्याला कंपनीचे उत्तर येते, 'व्यवस्था समाधानकारक करण्यात आली आहे,' आणि विषय बंद होतो. त्याऐवजी काय पाहिले, कोठे पाहिले, काय असायला हवे होते आणि फरकाचा परिणाम काय, हे चारही सांगावे: 'लाइनमधील दाब कमी केल्यानंतर डिझेल फायर पंप आपोआप सुरू झाला नाही, निवडीचा स्विच मॅन्युअलवर होता, डायव्हिंग संपल्यावर तो पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणाची हे कार्यपद्धतीत नमूद नाही, त्यामुळे आगीच्या वेळी पाणी मिळण्यास विलंब होईल.' या वाक्याला स्विच फिरवून उत्तर देता येत नाही. कार्यपद्धतीच बदलावी लागते.

उपाय मात्र आपण सुचवू नये. 'अमुक जागी अमुक बनावटीचा व्हॉल्व्ह बसवावा' असे लिहिले की त्या व्हॉल्व्हची जबाबदारी नकळत आपल्यावर येते. कोणता धोका कमी व्हायला हवा तेवढे लिहावे. कसा, ते ऑपरेटरने ठरवावे आणि पटवून द्यावे. पायपर अल्फानंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशीने 1990 मध्ये 106 शिफारशी केल्या. त्यांच्या गाभ्याशी हाच विचार होता, की आपला प्लॅटफॉर्म सुरक्षित आहे हे ऑपरेटरने स्वतः युक्तिवाद करून सिद्ध करावे आणि नियामकाने त्या युक्तिवादाची कसून छाननी करावी. त्यातून ब्रिटनमध्ये 'सेफ्टी केस'ची पद्धत आली. ऑस्ट्रेलियात 2012 पासून काम करणारा नोपसेमा हा नियामकही याच पद्धतीने चालतो. आपल्याकडे मानकांची यादी घेऊन टिकमार्क करण्याची सवय अजून घट्ट आहे. यादी हवीच, पण ती मदतीला असावी.

आठवी पायरी: पाठपुरावा

अहवाल पाठवल्यावर खरा चिवटपणा लागतो. शिफारस पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून फोटो येतात. नव्या रंगाचा पंप, नवे फलक, स्वच्छ डेक. फोटोतून स्विच कोणत्या स्थितीत आहे ते दिसते, तो तसाच राहील का हे दिसत नाही. म्हणून सुधारित कार्यपद्धती, तिच्यानुसार झालेल्या प्रत्यक्ष कामाच्या नोंदी आणि जमल्यास अचानक भेट, असे तिन्ही मागावे.

शिक्षेच्या बाबतीत आपली बाजू फार काळ लंगडी होती. 1948 च्या कायद्यानुसार नियमभंगाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड होता. रिगचे एका दिवसाचे भाडे ठाऊक असलेल्या माणसाला या रकमेवर हसावे की रडावे ते कळत नसे. 2025 च्या दुरुस्तीने कैद गेली आणि दंड 25 लाख रुपयांपर्यंत नेला. भंग चालूच राहिला तर दिवसाला 10 लाखांपर्यंत तो वाढू शकतो. तरीही तपासनिसाचे खरे बळ दंडात नसून संमतीत आहे, कारण संमती अडली की काम अडते आणि थांबलेल्या रिगचे भाडे कंपनीला कोणत्याही दंडापेक्षा अधिक झोंबते.

एक अवघड गोष्टही येथेच सांगायला हवी. ओआयएसडीतील तज्ज्ञ प्रामुख्याने तेल कंपन्यांमधूनच प्रतिनियुक्तीवर येतात. त्याचा फायदा असा, की त्यांना प्लॅटफॉर्म आतून ठाऊक असतो आणि तेथील लपवाछपवीच्या जागाही ठाऊक असतात. तोटा असा, की ज्याची तपासणी करायची त्याच्याच हाताखाली उद्या परत जायचे असते. ब्रिटनने पायपर अल्फानंतर समुद्रातील सुरक्षेचे काम ऊर्जा खात्याकडून काढून आरोग्य व सुरक्षा नियामकाकडे दिले. अमेरिकेनेही 2010 च्या डीपवॉटर होरायझन अपघातानंतर भाडेपट्टे देणारी आणि सुरक्षा पाहणारी यंत्रणा वेगळी केली. माझ्या मते आपल्याकडेही ही फारकत व्हायला हवी. ती होईपर्यंत प्रतिनियुक्तीवरील माणसाने आपल्या मूळ कंपनीच्या प्लॅटफॉर्मच्या तपासणीतून स्वतःहून बाजूला व्हावे आणि तसे लेखी कळवावे. पथकप्रमुखाला ते गैरसोयीचे वाटेल, पण नंतर अहवालाकडे कोणी बोट दाखवू शकणार नाही.

मुदतवाढीचे अर्जही याच टप्प्यावर येऊ लागतात. समजा एका लाइफबोटीचे हुक निकामी आढळले आणि नवे हुक यायला चार महिने लागणार आहेत. मुदतवाढ सरसकट नाकारणे व्यवहार्य नसते आणि सरसकट देणे धोक्याचे असते. अशा वेळी हिशोब मांडावा. ती बोट वगळली तर उरलेल्या बोटींत किती जागा आहेत, त्यांपैकी एका बाजूच्या बोटी आगीमुळे वापरता येणार नाहीत असे धरले तर किती उरतात, आणि सध्या प्लॅटफॉर्मवर माणसे किती आहेत? जागांपेक्षा माणसे जास्त असतील तर हुक येईपर्यंत माणसे कमी करणे हाच तात्पुरता उपाय असतो. कंपनी तो मान्य करते, पत्रही पाठवते. ते पत्र फायलीत लावण्यापूर्वी दुसऱ्या दिवशी जुहूला उतरलेल्या प्रवाशांची यादी मागवून घ्यावी आणि त्यातील नावे मोजावीत.